सोमवारपर्यंत

दुकानाच्या दारावरची पाटी मी नुकतीच उलटी फिरवली होती, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर इयन ड्रमंड उभे होते. टोपी हातात, केस धुक्याने ओले झालेले.

"औषध हवंय का?" दार उघडत मी विचारलं.

"नाही. जरा बोलायचंय. आत येऊ?"

इयन परवानगी विचारतायत हेच मला नवीन होतं. थर्नहेवनमध्ये ते कुठल्याही दारातून सरळ आत शिरत आणि लोक उठून त्यांना खुर्ची देत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे आमचं लहानसं बंदराचं गाव. एक चर्च, एक शाळा, मासळीचा धक्का आणि मुख्य रस्त्यावर माझं केमिस्टचं दुकान. इयन इथले नगरसेवक. वीस वर्षं सलग निवडून येत होते आणि कौन्सिलच्या वृद्धसेवा समितीचे प्रमुख होते.

"उद्याबद्दल असेल तर नको," मी म्हटलं. "मी चौकशी समितीवर आहे. तुम्ही साक्षीदार आहात. आपण बोलणं बरं नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि आत आले. मी दार लावून घेतलं.

मला त्यांना बाहेर काढता आलं नाही, त्याला कारण होतं. माझा नवरा मुकुंद या गावात डॉक्टर होता. तो गेला तेव्हा रस्ते बर्फाने बंद होते आणि स्मशानभूमी शहरात. मिरजेहून घरचं कुणी वेळेत पोचणं शक्य नव्हतं. बर्फ काढणारी कौन्सिलची गाडी पुढे घालून इयन स्वतः मला तिथवर घेऊन गेले आणि माझ्या शेजारी शेवटपर्यंत उभे राहिले. पुढे एकदा कुणीतरी माझ्या दुकानाच्या काचेवर वीट मारली, 'घरी जा' असं लिहिलेली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. इयन सकाळीच आपला कुत्रा घेऊन दुकानासमोर खुर्ची टाकून बसले, ते मी दुकान बंद करेपर्यंत उठले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आज मला बऱ्याच गोळ्या घ्यायच्यात." पुन्हा वीट आली नाही.

असे हे इयन काउंटरला टेकून उभे होते आणि खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत होते.

"रोवन हाऊसचं," ते म्हणाले.

रोवन हाऊस म्हणजे कौन्सिलचा वृद्धाश्रम. टेकडीवर, दगडी इमारत. गेल्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत तिथलं हीटिंग बंद पडलं होतं. बुधवारी बंद पडलं आणि दुरुस्त झालं ते पुढच्या आठवड्यात. त्या दिवसांत तिथल्या म्हाताऱ्यांना हलवलं नाही. तिघं न्यूमोनियाने गेली. त्यातल्या एक जेसी मॅकिल्वेन. तरुणपणी धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायच्या आणि नव्वदीतही गावातल्या प्रत्येकाचं लग्न कोणत्या वर्षी झालं हे सांगायच्या. मला त्या 'हेन' म्हणायच्या. हेन म्हणजे कोंबडी, पण इकडच्या म्हाताऱ्या बायका लाडाने असंच म्हणतात. त्यांची मुलगी मॉयरा माझी मैत्रीण. रविवारी ती आईला भेटायला गेली, तेव्हा आई पलंगावर लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून पडली होती. ओठ निळे. मॉयराने स्वतः अँब्युलन्स बोलावली. मंगळवारी जेसी गेल्या.

सगळ्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. त्या म्हाताऱ्यांना हलवलं का नाही? शाळा सुट्टीमुळे रिकामी होती. हॉटेल रिकामं होतं. वृद्धाश्रमाची व्यवस्थापक एल्स्पेथ एवढंच म्हणायची, "मला थांबायला सांगितलं." कोणी, ते नाही.

"एल्स्पेथने मला फोन केला होता," इयन म्हणाले.

मी काउंटरमागे जाऊन उभी राहिले.

"गुरुवारी दुपारी. मी नव्या सभागृहात होतो. शुक्रवारी मंत्री येणार होते उद्घाटनाला, तुला आठवत असेल. फुलांच्या कुंड्या कुठे ठेवायच्या यावर दोन बायकांचं भांडण चाललं होतं. त्यात तिचा फोन. म्हणाली, हीटिंग गेलंय, सुटा भाग यायला वेळ आहे, सगळ्यांना शाळेत हलवू का? आणि मी म्हणालो..." त्यांनी टोपी काउंटरवर ठेवली. "मी म्हणालो, सोमवारपर्यंत थांब."

"का?"

"स्ट्रेचरवरून म्हातारी माणसं शाळेत नेताना पेपरवाले फोटो काढणार. त्याच दिवशी मंत्री फीत कापणार. मला वाटलं, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. पांघरुणं आहेत. आम्ही सगळे असल्या थंडीत वाढलो, चारू. माझ्या आईच्या घरात तर खिडकीला आतून बर्फ धरायचा."

"एल्स्पेथ पुन्हा बोलली का?"

"शनिवारी बोलली. मी म्हटलं, आता सोमवार आलाच की."

बाहेरून कुणीतरी दार ढकलून पाहिलं, पाटी वाचली आणि निघून गेलं. आम्ही दोघंही तोवर श्वास धरून उभे होतो.

"हे मला का सांगताय?" मी विचारलं. "उद्या सगळ्यांसमोर सांगा."

"वकिलांनी बजावलंय, स्वतःहून काही बोलायचं नाही. मी बोललो तर एल्स्पेथ अडकेल, कौन्सिल अडकेल, असं त्यांचं म्हणणं. लॉरिमर तर नावांचा विषयच काढणार नाहीत." लॉरिमर म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. "पण कुणी थेट विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. म्हणून म्हणतो, तू विचार. सरळ विचार, इयन, थांबायला तुम्ही सांगितलंत का? मी हो म्हणेन."

"तुम्ही आपणहून उभे राहून का सांगत नाही?"

त्यांनी काउंटरवरची टोपी पुन्हा हातात घेतली. वयाच्या मानाने दणकट माणूस, पण त्या क्षणी त्यांच्या गळ्याची कातडी मला पहिल्यांदा सैल दिसली.

"नाही जमत," ते म्हणाले. "तीनदा प्रयत्न केला. एकदा तर मॉयराच्या दारापर्यंत गेलो होतो. बेल वाजवली नाही. चारू, मला झोप नाही. मला हे बाहेर टाकायचंय. कुणीतरी माझ्याकडून काढून घ्या एवढंच म्हणतोय."

"बघते," मी म्हटलं.

"विचारशील ना?"

"म्हटलं ना, बघते."

ते गेले. मी दिवे मालवले आणि घरी जाऊन भात लावला. तो करपला तेव्हा कळलं की मी स्वयंपाकघरात उभी होते.

माझी खरी अडचण कुणालाही सांगण्यासारखी नव्हती. या देशात मी आयुष्यभर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी वागले होते. समितीवर मला घेतलं तेही त्याच गुणामुळे. 'गावातली प्रतिष्ठित, तटस्थ नागरिक'. इयनशी माझा घरोबा आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लॉरिमर हसून म्हणाले होते, "मिसेस परचुरे, ते निकष लावले तर या गावात मला एकही माणूस मिळायचा नाही." आता सकाळी जाऊन त्यांना सांगायला हवं होतं, की साक्षीदार मला येऊन भेटला. सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथे बाजूला केलं असतं आणि तो प्रश्न कुणीच विचारला नसता. मी पुष्कळ विचार केला. सकाळी साडी नेसावी की कोट-स्कर्ट, यावरही केला. शेवटी साडी नेसले.

चौकशी त्याच नव्या सभागृहात होती, ज्याची फीत मंत्र्यांनी कापली होती. ऑक्टोबरचा महिना. हीटर इतके तापलेले की लोकांनी आल्या आल्या कोट काढून मांडीवर घेतले. मॉयरा मागच्या रांगेत बसली होती. तिने कोट काढला नाही.

आम्ही समितीचे पाचजण लांब टेबलाशी बसलो. लॉरिमर मधे. कोणी कोणत्या विषयावर विचारायचं ते आधीच ठरलेलं होतं. माझ्या वाट्याला औषधांचा साठा आला होता.

आधी एल्स्पेथ आली. पन्नाशीची, बारीक बाई. या आठ महिन्यांत तिने नोकरी सोडली होती आणि हाताला सतत काहीतरी चाळा लागायचा, तसा आता कोटाच्या बटणाशी चालला होता.

"तुम्ही रहिवाशांना हलवण्याचा विचार केला होता का?" लॉरिमरनी विचारलं.

"हो. लगेच. गुरुवारीच."

"मग?"

"मला थांबायला सांगितलं."

कौन्सिलच्या वकीलबाई उठल्या. म्हणाल्या, हा प्रशासकीय संवादाचा भाग आहे आणि त्याची नोंद समितीपुढे आलेली आहे. लॉरिमरनी मान डोलावली. मग सगळ्यांना उद्देशून, अगदी समजुतीच्या सुरात ते बोलले. "आपण इथे कार्यपद्धती तपासतो आहोत. व्यक्तींची नावं हा या चौकशीचा विषय नाही. दोषारोप करून आपल्याला धडा घेता येणार नाही."

एल्स्पेथला जायला सांगितलं. ती पहिल्या रांगेत टोकाला जाऊन बसली.

जेवणानंतर इयन आले. निळा सूट, कौन्सिलचा बिल्ला. बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला हायसं वाटलं. त्यांनी रात्रीत मन पालटलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर दात काढून घ्यायला आलेल्या माणसाची घाई होती.

इतरांचे प्रश्न झाले. समितीच्या बैठका किती वेळा होतात, तक्रारी कुणाकडे जातात, बॉयलरची तपासणी कोण करतं. इयन उत्तरं देत होते. "यंत्रणेत त्रुटी होत्या." "संवादात अंतर पडलं." "आपण सगळेच कुठेतरी कमी पडलो." त्यांचा आवाज मला ओळखीचा वाटत नव्हता.

मग लॉरिमर म्हणाले, "मिसेस परचुरे, औषधांच्या साठ्याबद्दल?"

"साठ्याबद्दल मला काही विचारायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज माइकवरून मलाच मोठा ऐकू आला. "मला दुसरं विचारायचंय. मिस्टर ड्रमंड, गुरुवारी दुपारी एल्स्पेथने तुम्हाला फोन केला होता का? आणि सोमवारपर्यंत थांब, असं तिला तुम्ही सांगितलंत का?"

वकीलबाई अर्ध्या उठल्या. लॉरिमर काहीतरी बोलणार होते. पण सभागृहातल्या लोकांनी एकदम इयनकडे माना वळवल्या, आणि ते दोघं थांबले. त्यांनाही बहुधा ऐकायचं होतं.

इयननी पाण्याचा पेला उचलला, प्याले, खाली ठेवला. तोंड उघडलं. मी पाहिलं, शब्द आलेला होता. अगदी ओठांशी. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिथे बाजूच्या खुर्च्यांवर कौन्सिलचे त्यांचे सहकारी ओळीने बसले होते.

"त्या दिवसांत बरेच फोन येत होते," इयन म्हणाले. "मला नेमकं आठवत नाही."

मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. लॉरिमरनी पेन उचललं. "धन्यवाद. तर आता..."

"काल संध्याकाळी माझ्या दुकानात तुम्हाला आठवत होतं," मी म्हटलं.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते हो म्हणणार हे मी धरूनच चालले होते. पण त्यांनी 'आठवत नाही' म्हटलं, आणि मला त्या बाटल्यांसमोर उभा राहिलेला माणूस दिसला, आणि मागच्या रांगेत कोट अंगावर ठेवून बसलेली मॉयरा दिसली.

"काल तुम्ही मला सांगितलंत," मी पुढे म्हटलं. "शुक्रवारी मंत्री येणार होते. स्ट्रेचरचे फोटो नको होते. तुम्ही तिला थांबायला सांगितलंत, आणि शनिवारी तिने पुन्हा विचारलं तेव्हा परत तेच सांगितलंत."

सभागृहात एकच गलका झाला. इयननी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. लॉरिमर टेबलावर हात आपटत होते. शांतता झाली तेव्हा ते माझ्याकडे वळले, इयनकडे नाही.

"मिसेस परचुरे, तुम्ही साक्षीदाराला खासगीत भेटलात?"

"ते माझ्या दुकानात आले होते."

"चौकशी सुरू असताना?"

"हो."

"आणि आज सकाळी हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"का?"

"तुम्ही मला हा प्रश्न विचारू दिला नसता म्हणून."

कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि थांबवली. लॉरिमरचा चेहरा पांढरा पडला. ते वाईट गृहस्थ नव्हते. नियमांवर त्यांची खरोखर श्रद्धा होती. "तुम्ही काय केलंत याची तुम्हाला कल्पना आहे?" ते हळूच म्हणाले. "हे सगळंच आता दूषित झालं."

तेवढ्यात मागून मॉयरा उभी राहिली.

"एल्स्पेथ इथेच बसली आहे," ती म्हणाली. "फोन तिने केला होता. तिला विचारा ना, पलीकडून कोण बोलत होतं."

सगळ्यांनी एल्स्पेथकडे पाहिलं. तिने मांडीवरच्या कोटाचं बटण घट्ट धरलं होतं. ती कुणाकडे बघेना. तिला कुणी एक शब्द विचारला असता तर ती बोलली असती, असं मला आजही वाटतं. लॉरिमर म्हणाले, "कामकाज तहकूब." आणि उठले.

बाहेर पायऱ्यांवर मॉयरा माझ्यासाठी थांबली होती. समुद्राकडून इतकं धुकं आलं होतं की रस्त्यापलीकडचं चर्च दिसत नव्हतं.

"तू ते दुकानाचं सांगायला नको होतंस," ती म्हणाली. "आता ते सगळे तुझ्याबद्दल बोलतील. आईबद्दल कुणी बोलणार नाही."

"माहीत आहे."

"तो स्वतः बोलणार होता का गं? खरं सांग."

"मला वाटलं होतं."

मॉयराने नाक पुसलं. "मान खाली घातली त्याने. मी पाहिलं. कागदावर ते येणार नाही, पण मी पाहिलं." मग तिने माझ्या पदरावर हात ठेवला. "थंडी वाजत असेल तुला यात," म्हणाली, आणि इतका वेळ न काढलेला आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला. मी नको नको म्हणत राहिले.

पुढचं सगळं मॉयरा म्हणाली तसंच झालं. मला समितीवरून काढलं. आचरणाचे नियम मोडले म्हणून माझी वेगळी चौकशी झाली, ती मात्र झटपट आटोपली. त्यात कुणालाच काही अडचण आली नाही. मी सगळं कबूल केलं होतं. माझ्यावर ठपका ठेवला आणि तो स्थानिक पेपरात माझ्या फोटोसकट छापून आला. कधीकाळी दुकानाचं पंचविसावं वर्ष साजरं केलं तेव्हाचा फोटो. त्यात मी हसत होते.

मूळ समितीचा अहवाल दीड वर्षाने आला. माझं बोलणं त्यातून वगळलेलं होतं. निष्कर्ष असा, की ही सामूहिक चूक होती आणि कोणत्याही एका व्यक्तीला जबाबदार धरता येणार नाही. धडे घेण्यात आले आहेत. मॉयराला त्याची एक प्रत आली, तिने ती न उघडताच मला आणून दाखवली आणि परत घेऊन गेली. रोवन हाऊस विकलं. एल्स्पेथ बहिणीकडे इनव्हर्नेसला राहायला गेली. या सगळ्या प्रकरणात अधिकृतपणे दोषी ठरलेली मी एकटी.

दुकानात येणारे काही लोक बंद झाले. काही, जे कधी येत नसत, ते मुद्दाम येऊ लागले आणि नको असलेली खोकल्याची गोळी विकत घेऊन जाऊ लागले. असं का, ते गावात कुणी बोलून दाखवत नाही. इयन पुन्हा निवडून आले आणि पुढच्या वर्षी प्रोव्होस्ट झाले, म्हणजे आपल्याकडचे नगराध्यक्ष. सोन्याची साखळी गळ्यात घालून ते शाळेच्या बक्षीस समारंभाला जात. माझ्या दुकानात त्यांची बायको यायची. अदबीने बोलायची, हवेबद्दल.

ते स्वतः आले त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, मे महिन्यातल्या एका सकाळी. बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांना यावं लागलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ते म्हातारे दिसत होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदललेल्या होत्या. मी त्या काढल्या, पुडीत घातल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं. त्यांनी ऐकलं. पण पुडी उचलली नाही.

"एक बोलू?" ते म्हणाले.

"बोला."

"त्या दिवशी तू दुसऱ्यांदा विचारायला हवं होतंस."

मला आधी कळलंच नाही.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा विचारलंस तेव्हा 'आठवत नाही' हे तोंडातून निघून गेलं. पण तू जर नुसतं परत विचारलं असतंस, 'इयन, नीट आठवा' एवढं म्हणाली असतीस, तर मी सांगितलं असतं. मी तयार होतो. तू एकदम दुकानाचं काढलंस. मग सगळं तुझ्यावर गेलं, आणि मला बोलायला जागाच राहिली नाही."

ते रागाने बोलत नव्हते. तक्रारही नव्हती त्यांच्या आवाजात. फार दिवस मनात घोळवून गुळगुळीत झालेली गोष्ट माणूस सांगतो, तसं सांगत होते. त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला होता. मी बघत राहिले. मुकुंदच्या शेजारी माझ्याबरोबर उभा राहिलेला हाच माणूस होता, वीट पडल्यावर रस्त्यात खुर्ची टाकून बसलेला हाच, आणि हे सगळं त्याने खरंच माझ्यासाठी केलं होतं. त्यातलं काहीही मला खोटं ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे माझं चुकलं," मी म्हटलं.

"तसं नाही म्हणत मी. पण माझी संधी गेली, चारू. तुला कळतंय ना? ती परत येत नाही."

मी काचेबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या बाकावर मॉयरा बसली होती. मंगळवारी ती शहरात जायची. मांडीवर पिशवी, ऊन तोंडावर घेऊन डोळे मिटलेले.

"समोर बघा," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं.

"बस यायला अजून वेळ आहे," मी म्हटलं. "वकील नाहीत, लॉरिमर नाहीत, पेपरवाले नाहीत. ती एकटी आहे. रस्ता ओलांडा आणि सांगा. एवढंच म्हणा, मी सांगितलं होतं. ती तुम्हाला काही करणार नाही. तिला बाकी काही नकोच आहे."

इयन बराच वेळ काचेतून बघत उभे राहिले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, सारखी केली. गोळ्यांची पुडी कोटाच्या खिशात टाकली. मग दार उघडून बाहेर गेले आणि फुटपाथच्या कडेला उभे राहिले. एक दुधाची गाडी गेली. रस्ता मोकळा झाला. त्यांनी एक पाऊल खाली टाकलं.

मी काउंटरमागे उभी होते आणि नकळत दोन्ही हात घट्ट जोडले गेले होते.

मॉयराने डोळे उघडले. तिला ते दिसले. गावात कुणीही कुणाला करतं तसा तिने हात वर केला.

इयननी टोपीला हात लावला, पाऊल मागे घेतलं, आणि डावीकडे वळून बंदराच्या उताराने चालू लागले.